दूर-अवरक्त लेसरचा दहा पिकोसेकंदांचा स्पंद: कापायचा कसा, मोजायचा कसा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे सगळे त्याला धरून राहील. तुमच्याकडे कार्बन डायऑक्साइड लेसरने पंप केलेला मिथेनॉलचा लेसर आहे आणि तो ११८.८ मायक्रोमीटरला सलग १०० मिलिवॅट देतो. शेजारच्या टेबलावर टायटेनियम-सफायरचा ॲम्प्लिफायर आहे: ८०० नॅनोमीटर, १०० फेम्टोसेकंद, सेकंदाला १,००० स्पंद, प्रत्येकी १ मिलिज्यूल. ६ टेस्लाच्या चुंबकात गॅलियम आर्सेनाइडमधल्या इलेक्ट्रॉनांचा सायक्लोट्रॉन अनुनाद (चुंबकीय क्षेत्रात गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी त्यांच्याच फिरण्याच्या वारंवारतेचा प्रकाश शोषणे) अभ्यासायचा आहे, आणि त्यासाठी त्याच ११८.८ मायक्रोमीटरचे साधारण १० पिकोसेकंदांचे स्पंद हवे आहेत. मिथेनॉल लेसरचेच मोड-लॉकिंग (लेसरच्या पोकळीतल्या अनेक वारंवारता एका तालात बांधून आखूड स्पंद काढणे) करता येईल का, आणि नसेल तर दुसरा रस्ता कोणता, असे तुम्ही विचारले आहे.

मोड-लॉकिंगचा नाद सोडा. कारण एका हिशेबात कळते. स्पंद जितका आखूड, तितका त्याचा वर्णपट रुंद. १० पिकोसेकंदांच्या स्पंदाला निदान ४४ गिगाहर्ट्झ रुंदी लागते. ११८.८ मायक्रोमीटर म्हणजे २.५२ टेराहर्ट्झ, तिथे खोलीच्या तापमानाला मिथेनॉलच्या रेणूंची डॉप्लर रुंदी, म्हणजे त्यांच्या धावपळीने रेषेला येणारी रुंदी, भरते सुमारे साडेपाच मेगाहर्ट्झ. एवढ्या अरुंद पट्टीतून जास्तीत जास्त आखूड निघेल तो ८० नॅनोसेकंदांचा स्पंद, म्हणजे तुम्हाला हवा त्याच्या आठ हजार पट लांब. वायूचा दाब वाढवून रेषा रुंद करावी म्हटले, तर वापरून झालेल्या रेणूंना नळीच्या भिंतीपर्यंत पोचून खालच्या पातळीवर यायला वेळ लागतो, ते वरच अडकून पडतात आणि लेसरच थांबतो. आरसे कितीही चांगले लावा, हा अडथळा रेणूचाच आहे.

आणि दोष एकट्या मिथेनॉलचा नाही. १९७० मध्ये चँग आणि ब्रिजेस यांनी मिथाइल फ्लोराइडमधून ४९६ मायक्रोमीटरची रेषा काढली, तेव्हापासून अशा वायू-लेसरच्या रेषा ढिगाने सापडल्या. त्या सगळ्या अरुंदच, आणि स्पेक्ट्रोस्कोपीसाठी हाच त्यांचा गुण. अर्धवाहकांकडे वळलात तर वेगळी अडचण. २.५२ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा १०.४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, खोलीतल्या उष्णतेची २६ च्या आसपास. एवढ्या जवळच्या दोन पातळ्यांमध्ये वरची भरलेली आणि खालची रिकामी ठेवणे म्हणजे भर पुरात अंगण कोरडे ठेवण्यासारखे आहे. टेराहर्ट्झचा पहिला क्वांटम कॅस्केड लेसर (अर्धवाहकाच्या पातळ थरांमधल्या पातळ्यांवर चालणारा) २००२ मध्ये पिसा आणि केंब्रिजच्या गटांनी चालवला तो ४.४ टेराहर्ट्झला, आणि ५० केल्व्हिनपर्यंतच. तापमान २५० केल्व्हिनपर्यंत यायला २०२१ उजाडले. त्याचे मोड-लॉकिंग होते, काही पिकोसेकंदांचे स्पंदही मिळाले आहेत. पण त्याचा लाभ, म्हणजे प्रकाश वाढवण्याची क्षमता, काही पिकोसेकंदांपासून काही दहा पिकोसेकंदांत, म्हणजे प्रकाशाची पोकळीतली एक फेरी पुरी होण्याआधीच पुन्हा भरून येतो. मग सगळी ऊर्जा एका स्पंदात गोळा होण्याऐवजी फेरीभर पसरायला बघते. पी-जर्मेनियमचा लेसरही आहे: द्रव हेलियमच्या तापमानात, एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत चालणारा, मोड-लॉक केला की काही दहा पिकोसेकंदांचे स्पंद देणारा. दोन्ही साधने मला आवडतात. पण त्यांची वारंवारता त्यांच्या मर्जीची, तुमच्या २.५२ ची नव्हे.

म्हणून या पट्ट्यात आखूडपणा उसना घ्यावा लागतो. तो देणारे दोघेच: आखूड इलेक्ट्रॉनपुंज किंवा आखूड दृश्य-निकटअवरक्त लेसर. दुसरा तुमच्या टेबलावर आहेच.

पहिल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुढे कधी बीमटाइम (अशा मोठ्या यंत्रावर प्रयोगासाठी वेळ) मागायची वेळ आली तर उपयोगी पडेल. मुक्त इलेक्ट्रॉन लेसरमध्ये त्वरकातून आलेला इलेक्ट्रॉनपुंज चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जातो आणि प्रकाश देतो. पुंज पिकोसेकंदांचा असेल तर प्रकाशही तसाच. नेदरलँड्समधील फेलिक्स १९९१ मध्ये सुरू झाला, आता तो नाइमेखनला आहे. जर्मनीत ड्रेस्डेनजवळ फेल्बे, रशियात नोव्होसिबिर्स्कला आणखी एक. सिलिकॉनमधल्या फॉस्फरसच्या दाता-पातळ्यांवरचे सुसंगत नियंत्रणाचे प्रयोग २०१० मध्ये फेलिक्सच्याच स्पंदांनी झाले. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने अवरक्त मुक्त इलेक्ट्रॉन लेसर उभारला आहे, पण तो साधारण १२.५ ते ५० मायक्रोमीटरसाठी आखलेला. तुमची तरंगलांबी त्याच्या बाहेर पडते. दूर-अवरक्तात या यंत्रांनाही एक मर्यादा असते. चुंबकांच्या प्रत्येक आवर्तनात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या एक तरंगलांबी मागे पडतो. ४० आवर्तने आणि १०० मायक्रोमीटर धरले तर ४ मिलिमीटर, म्हणजे १३ पिकोसेकंद. पुंज स्वतः एक-दोन पिकोसेकंदांचा असताना प्रकाश त्याच्या पुढे निसटतो, वाढ मुख्यतः स्पंदाच्या मागच्या भागाची होते, त्यामुळे स्पंदाचा माथा फेरीगणिक मागे पडतो, आणि आरशांमधले अंतर किंचित कमी करून त्याला पुन्हा पुंजावर आणून बसवावे लागते. ही मंडळी तिथे दिवसाचे कितीतरी तास त्या काही मायक्रोमीटरांशी झगडत असतात.

आता तुमच्या टेबलाकडे येऊ. सलग वाहणारा दूर-अवरक्त झोत घ्यायचा, त्याच्या वाटेत अर्धवाहकाची चकती ठेवायची आणि तिच्यावर ८०० नॅनोमीटरचा स्पंद मारायचा. जिथे मारला तिथे इलेक्ट्रॉन आणि छिद्रांचा दाट प्लाझ्मा क्षणात तयार होतो आणि चकती दूर-अवरक्तासाठी धातूच्या आरशासारखी होते. १९७०च्या दशकात ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ॲलकॉक, कॉर्कम आणि सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०.६ मायक्रोमीटरचा प्रकाश असाच कापला होता. तुमचे काम त्यांच्यापेक्षा हलके आहे: आरसा व्हायला लागणारी घनता तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, त्यामुळे ११८.८ मायक्रोमीटरला ती सव्वाशे पटींनी कमी. सिलिकॉनमध्ये हिशेब केला तर घनसेंटिमीटरला सुमारे १.४ गुणिले एकावर १७ शून्ये. उंबरठा ओलांडला की लगेच चांगला आरसा मिळतो असे मात्र धरू नका. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन आपटत-धडपडत असतात, आणि तिरप्या कोनात समांतर ध्रुवीकरणाचा (ज्याचे विद्युत क्षेत्र आपाती आणि परावर्तित किरणांच्या प्रतलात असते तो) प्रकाश अशा अर्धवट धातूत सहज मुरतो. परावर्तन पन्नास टक्क्यांच्या घरात न्यायचे असेल तर उंबरठ्याच्या वीस-तीस पट जावे लागते.

चकती ब्रूस्टर कोनात का ठेवायची, हे सगळ्यात आधी. स्पंद मारलेला नसताना ती जराही परावर्तन देता कामा नये. सिलिकॉनचा अपवर्तनांक इथे ३.४२, म्हणून ब्रूस्टर कोन ७३.७ अंश. त्या कोनात समांतर ध्रुवीकरणाचा प्रकाश सगळा आरपार जातो आणि मागच्या पृष्ठभागावरही आपोआप तीच अट पाळली जाते. नशिबाने ८०० नॅनोमीटरला सिलिकॉनचा ब्रूस्टर कोन ७५ अंशांच्या आसपास पडतो, त्यामुळे त्याच कोनात आलेला पंपही, म्हणजे प्लाझ्मा करणारा ८०० नॅनोमीटरचा स्पंदही, वाया न जाता जवळजवळ पूर्ण शोषला जातो. पंपाचे ध्रुवीकरणही समांतर ठेवा, एवढेच.

इथे नवखे हमखास चुकतात. पंप सरळ समोरून, लंब दिशेने मारायला सोपा वाटतो, कारण तिथे जागा असते. पण ३ मिलिमीटर व्यासाचा झोत ७३.७ अंशांत चकतीवर पडला की त्याचा ठसा लांबीला साडेतीन पट होतो, म्हणजे साधारण १०.७ मिलिमीटर. दूर-अवरक्त लाटेला त्या ठशाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला ३४ पिकोसेकंद लागतात. समोरून आलेला पंप सगळा ठसा एकाच क्षणी चमकवतो, म्हणून १०० फेम्टोसेकंदांच्या लेसरने कापलेली तुमची कड ३४ पिकोसेकंदांची निघते. दोन्ही झोत एकाच दिशेने आणा, म्हणजे दोन्ही लाटा चकतीवरून हातात हात घालून सरकतात आणि हे पसरणे जाते. दोन अंशांचा फरक राहिला तर नुकसान अर्ध्या पिकोसेकंदाहून कमी, तेवढे चालेल. दोन्ही झोत एकत्र आणायला इंडियम टिन ऑक्साइडचा लेप दिलेली काच ४५ अंशांत ठेवा. ८०० नॅनोमीटर तिच्यातून आरपार जातो, दूर-अवरक्त तिच्यावरून परावर्तित होतो. महागड्या प्रकाशिकीपेक्षा या साध्या काचेने माझे जास्त काम केले आहे.

हे झाले उघडणारे दार. बंद करायलाही दार लागते, कारण सिलिकॉनमधला प्लाझ्मा मायक्रोसेकंद टिकतो. एकदा आरसा झाला की दहा पिकोसेकंदांनी तो पुन्हा पारदर्शक होत नाही. म्हणून परावर्तित झोताच्या वाटेत दुसरी चकती ठेवायची, तीही ब्रूस्टर कोनात, पण यावेळी आरपार जाणारा प्रकाश वापरायचा. स्पंद तिच्यातून जाऊ लागला की ठरलेल्या उशिराने तिच्यावर पंप मारायचा: प्लाझ्मा झाला, वाट बंद. स्पंदाची लांबी म्हणजे या दोन पंपांमधला उशीर. उशीर देणारा परतीचा आरसा १.५ मिलिमीटर सरकवला की १० पिकोसेकंद. इथे लांबी मायक्रोमीटरच्या पट्टीवर वाचता येते, आणि या पद्धतीवर माझा जीव आहे तो याच कारणाने. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हेच तत्त्व वापरून मुक्त इलेक्ट्रॉन लेसरचे मायक्रोसेकंदांचे लांब स्पंद कापले जातात, आणि २०१२ मध्ये त्यांनी २४० गिगाहर्ट्झला इलेक्ट्रॉन चक्रण अनुनादाचे स्पंदित प्रयोग करून दाखवले. ती तरंगलांबी मिलिमीटरच्या वर आहे, पण दारे तीच.

चकत्यांबद्दल माझे मत ठाम आहे. बंद करणाऱ्या दारासाठी सिलिकॉन. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश त्यात बारा-एक मायक्रोमीटर खोल जातो, म्हणून प्लाझ्माचा थर जाड होतो, आणि दूर-अवरक्त लाट त्यात एक-दीड मायक्रोमीटरला क्षीण होत जाते. बारा मायक्रोमीटर ओलांडून काही बाहेर येत नाही. उघडणाऱ्या दारांसाठी अर्धरोधक गॅलियम आर्सेनाइड. तिथे ८०० नॅनोमीटर पाऊण मायक्रोमीटरमध्येच शोषला जातो, तेवढ्याच पंपात घनता पंधरा-सोळा पट होते आणि इलेक्ट्रॉनही हलके. ब्रूस्टर कोन तिथे साडेचौऱ्याहत्तर अंश. सिलिकॉन घेताना फ्लोट-झोन पद्धतीने बनवलेले, विशिष्ट रोध १,००० ओहम-सेंटिमीटरच्या वरचे मागा, आणि आल्यावर स्वतः तपासा. मला एकदा एका पुरवठादाराने ‘उच्च रोध’ लिहिलेल्या डब्यात साध्या, अशुद्धी मिसळलेल्या चकत्या दिल्या होत्या. पंप बंद असतानाच झोत निम्म्यावर का येतो, हे शोधण्यात माझा आठवडा गेला. चकती ब्रूस्टर कोनात धरा, सलग झोत त्यातून सोडा, डिटेक्टरचा आकडा चकती काढल्यावर जितका तितकाच दिसला पाहिजे. पाच मिनिटांचे काम आहे.

पंपाची ऊर्जा पुरते का? ३ मिलिमीटर गुणिले १०.७ मिलिमीटरच्या लांबट ठशाचे क्षेत्र पाव चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.३ मिलिज्यूल टाकला तर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.२ मिलिज्यूल, आणि सिलिकॉनमध्ये त्यातून उंबरठ्याच्या जवळजवळ तीस पट घनता मिळते. नुकसान होईल इतका मारा तो नाही. तीन दारांना ०.९ मिलिज्यूल. तुमचा एक मिलिज्यूल जेमतेम पुरतो.

दोन दारांवरून मी तीन दारांवर आलो, त्याचे कारण गळती. माझ्या अनुभवात हा प्रयोग फसतो तो इथेच, म्हणून हे सावकाश वाचा.

१०० मिलिवॅटमधून १० पिकोसेकंद कापले तर हाती १ पिकोज्यूल येतो, साधारण साठ कोटी फोटॉन. तेवढ्यात काम होते. पण ब्रूस्टर कोन एक अंशाने चुकला, किंवा झोत एखाद्या अंशाने अभिसारी असला, की पंप नसतानाही परावर्तन हजारात एकाच्या घरात राहते. ध्रुवीकरण अशुद्ध असेल तर गोष्ट आणखी वाईट: लंब ध्रुवीकरणाचे परावर्तन त्या कोनात ७१ टक्के आहे, म्हणजे शंभरात एक भाग तसा असला तरी हजारात सात भाग गळाले. म्हणून पहिल्या चकतीआधी तारांच्या जाळीचा ध्रुवक लावाच. समजा सगळे नीट करून गळती हजारात एक ठेवली. ती १०० मायक्रोवॅट आहे, आणि दोन स्पंदांमध्ये एक मिलिसेकंदाचा अवधी आहे. त्या अवधीत गळालेली ऊर्जा ०.१ मायक्रोज्यूल, म्हणजे स्पंदाच्या लाखपट! बंद करणारे दार इथे कामाला येत नाही, कारण ते मायक्रोसेकंदांपुरतेच बंद असते आणि गळती स्पंदाच्या आधीपासून चालू असते. बोलोमीटर, गोले सेल, पायरोइलेक्ट्रिक यांच्यासारखा मिलिसेकंदी डिटेक्टर लावलात तर तो तुम्हाला इमानेइतबारे फक्त गळतीच दाखवील.

माझ्या सुरुवातीच्या काळात तीन आठवडे मी अशीच गळती मोजत होतो. पंप चालू केला की सिग्नल वाढायचा, बंद केला की कमी व्हायचा, लॉक-इन (ठरलेल्या तालाशी जुळलेला सिग्नलच उचलणारे यंत्र) सुरेख आकडा द्यायचा. मी वहीत तारीख घालून ‘स्पंद मिळाला’ असे लिहूनही ठेवले होते. मग एका संध्याकाळी उशिराचा आरसा ३ मिलिमीटर सरकवला, म्हणजे २० पिकोसेकंदांचा फरक, आणि आकडा तसूभर हलला नाही. पंपाने चकती तापत होती, रेंगाळलेले वाहक मिलिसेकंदभर परावर्तन बदलत होते, आणि मला दिसत होते ते तेवढेच. तेव्हापासून उशीर बदलल्यावर जो सिग्नल बदलत नाही, त्याला मी स्पंद म्हणत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करावे लागतात. पहिला, उघडणारी दारे दोन, एकामागे एक. दुसऱ्या दाराचा पंप पहिल्याने पाठवलेली लाट पोचण्याआधी दोन-तीन पिकोसेकंद द्या. गळती हजारातल्या एकावरून दहा लाखांत एकावर येते. प्रत्येक दार निम्मी ऊर्जा खाते असे धरले तर हातात पाव पिकोज्यूल उरतो, आणि मिलिसेकंदभराची गळती १०० पिकोज्यूल. अजूनही चारशे पट. म्हणून दुसरा उपाय: वेगवान डिटेक्टर आणि बॉक्सकार, म्हणजे ठरलेल्या छोट्या वेळखिडकीतलाच सिग्नल मोजणारे यंत्र. गॅलियम मिसळलेल्या जर्मेनियमचा, द्रव हेलियममध्ये थंड केलेला डिटेक्टर १०० नॅनोसेकंदांच्या खिडकीत आरामात चालतो. तेवढ्या वेळात गळती ०.०१ पिकोज्यूल, स्पंदाच्या पंचविसावा भाग. इथे एक सावधगिरी. या डिटेक्टरची संवेदनशीलता १२० मायक्रोमीटरच्या आसपास कोसळते, आणि तुमचे ११८.८ अगदी काठावर आहे. शक्य असेल तर दाब देऊन ताणलेल्या स्फटिकाचा प्रकार मिळवा, तो २०० मायक्रोमीटरपर्यंत पाहतो.

तुम्हाला जास्त ऊर्जा हवी असेल, म्हणजे इलेक्ट्रॉन नुसते बघायचे नसून ढकलायचेही असतील, तर सलग लेसर सोडून स्पंदित वायू-लेसरकडे जा. वातावरणीय दाबाच्या स्पंदित कार्बन डायऑक्साइड लेसरने अमोनिया पंप केला की ९०.५ किंवा १४८ मायक्रोमीटरला १०० नॅनोसेकंदांच्या घरातले, किलोवॅटचे स्पंद मिळतात. जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग विद्यापीठात अर्धवाहकांवर अशा स्पंदांचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. एका किलोवॅटमधून १० पिकोसेकंद म्हणजे १० नॅनोज्यूल, तुमच्या आजच्या दहा हजार पट. शिवाय झोतच १०० नॅनोसेकंदांचा असल्याने गळतीला वेळ मिळत नाही. मात्र रेषा बदलली की चुंबकीय क्षेत्रही बदलते. गॅलियम आर्सेनाइडमध्ये दर टेस्लाला १.७३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट या दराने ९०.५ मायक्रोमीटरला जवळजवळ ८ टेस्ला लागतील.

मोजमापाबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. टेराहर्ट्झवाले मित्र तुम्हाला म्हणतील, झिंक टेल्युराइडचा स्फटिक लावा आणि विद्युत-प्रकाशीय पद्धतीने, म्हणजे लाटेच्या क्षेत्राने स्फटिकात ८०० नॅनोमीटरच्या स्पंदाचे ध्रुवीकरण किती बदलले ते मोजून, लाटच काढा. त्यांच्या स्पंदासाठी ते बरोबर आहे, तुमच्यासाठी नाही. त्यांचा स्पंद दर वेळी ८०० नॅनोमीटरच्या स्पंदातूनच जन्मतो, त्यामुळे त्याची कला दर वेळी तीच असते. तुमचा मिथेनॉल लेसर मात्र ॲम्प्लिफायरला ओळखत नाही. पंप पडतो त्या क्षणी लाट माथ्यावर असेल किंवा तळात, काही नेम नाही. हजार वेळा मोजून सरासरी काढली की अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन शून्य उरते, आणि स्पंद समोर असून तुम्ही म्हणता, काहीच नाही. तसे मोजायचेच असेल तर प्रत्येक वेळचे वाचन वेगळे ठेवा आणि वर्गाची सरासरी घ्या. त्याहून सोपा रस्ता शेवटी सांगतो.

ओलाव्याकडे लक्ष द्या. पाण्याची वाफ दूर-अवरक्तात जागोजागी शोषते, २.५२ टेराहर्ट्झ त्यातल्या त्यात मोकळ्या जागी आहे, पण टेबलावर दोन-तीन मीटरचा रस्ता असेल तर मुंबईच्या जुलैत फरक डोळ्यांना दिसतो. सगळा मार्ग ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून कोरडा नायट्रोजन सोडा, आत आर्द्रतामापक ठेवा, आणि रोज काम सुरू करताना त्याचा आकडा वहीत लिहा. खिडक्यांना टीपीएक्स प्लॅस्टिक घ्या. ते दृश्य प्रकाशालाही पारदर्शक असल्याने हेलियम-निऑनच्या लाल झोताने अलाइनमेंट करता येते. आणि ८०० नॅनोमीटर डोळ्यांना जेमतेम लालसर दिसतो, म्हणून तो मंद आहे असे वाटते. चष्मा काढून चकतीकडे वाकून बघू नका, कोणाच्याही घाईसाठी.

आता थोडी वेगळी सूचना. सगळे ऐकल्यावर तुम्ही विचाराल, टायटेनियम-सफायर आहेच तर थेट त्यातूनच दूर-अवरक्त का काढू नये? जरूर काढा, आणि माझ्या मते हेच आधी करा. झिंक टेल्युराइडमध्ये ८०० नॅनोमीटरचा स्पंद आणि टेराहर्ट्झ लाट जवळजवळ एकाच वेगाने धावतात, त्यामुळे पातळ स्फटिकातून ३ टेराहर्ट्झच्या आसपासपर्यंत पसरलेली एकच हेलकाव्याची लाट मिळते. ताकद हवी तर लिथियम नायोबेट. त्यात दृश्य प्रकाश टेराहर्ट्झच्या दुपटीहून वेगाने पळतो, म्हणून पंपाचा पुढचा पृष्ठ ६३ अंशांच्या आसपास तिरपा करून दोघांना जुळवतात. २००२ मध्ये हंगेरीच्या हेब्लिंग यांनी ही कल्पना मांडली. पण त्याची ताकद एक टेराहर्ट्झच्या खाली एकवटते, तुमच्या २.५२ ला फार उरत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने २०१७ मध्ये द्रवांत लेसरचा बारीक तंतू (फिलामेंट) उमटवून हवेपेक्षा कितीतरी जास्त टेराहर्ट्झ ऊर्जा मिळवून दाखवली, तीही अशीच विस्तृत वर्णपटाची.

एका हेलकाव्याची ही लाट ६ टेस्लामधल्या नमुन्यावर टाकली की इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन वारंवारतेने घुमू लागतात आणि लाट निघून गेल्यावरही थोडा वेळ घुमत राहतात. मंदिरातली घंटा टोला पडून गेल्यावर वाजत राहते तसे. तो नाद किती पिकोसेकंदांत विरतो, हे विद्युत-प्रकाशीय पद्धतीने सरळ दिसते. मात्र तो काळ सुसंगती हरपण्याचा आहे. इलेक्ट्रॉन ऊर्जा टाकून खालच्या पातळीवर परत येण्याचा काळ वेगळा आणि बहुतेक वेळा लांब असतो. तुम्हाला दुसरा हवा असेल तर एकाच वारंवारतेचा, कापलेला स्पंदच लागेल. १० पिकोसेकंदांची ४४ गिगाहर्ट्झ रुंदी २.५२ टेराहर्ट्झच्या पावणेदोन टक्के होते, म्हणजे क्षेत्राच्या भाषेत ०.१ टेस्ला. तुमच्या नमुन्याची अनुनाद रेषा याहून बरीच अरुंद असेल, तर १० ऐवजी ३० पिकोसेकंदांचा स्पंद घ्या. आरसा सरकवायचा, दुसरे काही नाही.

आणि तो सोपा रस्ता. उघडणारी दारे स्थिर ठेवा आणि बंद करणाऱ्या दाराचा उशीर उणे २० पिकोसेकंदांपासून अधिक ६० पर्यंत सरकवत जा. प्रत्येक ठिकाणी बॉक्सकारवर स्पंदाची ऊर्जा नोंदवा. शून्याच्या आधी दार बंदच असते, तिथे आकडा सपाट आणि जवळजवळ शून्य हवा. तिथे जे काही दिसेल ती तुमची गळती. शून्यानंतर ऊर्जा सरळ रेषेत चढली पाहिजे, कारण दुप्पट वेळ उघडे दार म्हणजे दुप्पट प्रकाश. वळणाचा जो गोलवा दिसेल तो दारांच्या कडांचा काळ आहे. तो एक-दोन पिकोसेकंदांचा असेल तर कापणी नीट झाली. तीसच्या घरात असेल तर पंप आणि दूर-अवरक्त झोत यांच्यातला कोन मोजा. वळण अजिबात नसून नुसती आडवी रेषा आली, तर पहिल्या चकतीपासून पुन्हा सुरुवात करा आणि ध्रुवक तपासा. हा आलेख काढलात की मला पाठवा, गळतीच्या आकड्यासकट.